घरातल्या दुरुस्तीसाठी हत्यारं कोणती घ्यावीत? थोडी घ्या, पण मापाला बसणारी

तुम्ही विचारलंय की नवीन घरात राहायला आलोय, बारीकसारीक दुरुस्ती स्वतः करायची आहे, तर ती शंभर-सव्वाशे नगांची मोठी पेटी घेऊन टाकू की सुटी सुटी हत्यारं जमवू. मी बावीस वर्षं हेच काम करतोय, वायरिंग, नळ, दारं-खिडक्या, फर्निचर, घरात जे जे बिघडतं ते सगळं. त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

पेटी घेऊ नका. त्यातले निम्म्याहून जास्त नग म्हणजे बिटं (ड्रायव्हरची बदलायची टोकं) आणि सॉकेट (नटावर बसणाऱ्या टोप्या), जी घरात कधी लागतच नाहीत, आणि जी चार-पाच हत्यारं खरंच रोज लागतात ती त्या पेटीत सगळ्यात हलक्या पोलादाची असतात, कारण आकडा मोठा दाखवायचा म्हटलं की कुठेतरी कमी करावंच लागतं. दोन-तीन घट्ट स्क्रू काढले की टोक पिळवटतं. तेच पैसे सहा-सात चांगल्या नगांवर घाला.

आता चांगलं म्हणजे काय? इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पक्की पाहिली आहे, हत्यार नाही म्हणून घरात जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा चुकीच्या मापाचं हत्यार लावलं म्हणून होणारं नुकसान खूप जास्त असतं. गुळगुळीत झालेले स्क्रू, कोपरे गेलेले नट, ओरखडे पडलेले नळ, सगळं त्यातलंच. मी ज्या कामाला बोलावला जातो त्यात कितीतरी वेळा मूळ बिघाड दहा मिनिटांचा असतो आणि आधी कोणीतरी भलतंच हत्यार लावून जे करून ठेवलेलं असतं ते निस्तरायला दोन तास जातात. म्हणून हत्यार घेताना पहिला प्रश्न हा विचारा की हे माझ्या घरातल्या कुठल्या स्क्रूला, कुठल्या नटाला नीट बसणार आहे. ब्रँड वगैरे नंतर.

स्क्रू ड्रायव्हरपासून सुरू करतो आणि त्यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फुलीच्या खाचेचा जो स्क्रू असतो त्याला आपण सरसकट स्टार म्हणतो, पण त्याचं नाव फिलिप्स, हेन्री फिलिप्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९३० च्या दशकात तो बाजारात आणला. खरा स्टार वेगळा, सहा टोकांचा, त्याला टॉर्क्स म्हणतात. फिलिप्समध्ये मापं असतात, पीएच ०, १, २, ३. घरात बिजागऱ्या, कडी-कोयंडे, पडद्याचे ब्रॅकेट या सगळ्या साधारण साडेतीन ते पाच एमएम जाडीच्या स्क्रूंना पीएच २ लागतो. त्याहून बारीक, म्हणजे स्विचबोर्डचे छोटे स्क्रू किंवा खेळण्यांच्या बॅटरीच्या झाकणाचे, तिथे पीएच १ किंवा ०. लोक काय करतात, घरात एकच मधल्या मापाचा ड्रायव्हर असतो आणि तोच सगळीकडे. मोठ्या स्क्रूत लहान टोक घातलं की ते खाचेच्या तळाशी हलत राहतं, जोर लावला की घसरतं आणि दोन-तीन वेळा घसरलं की फुलीच्या जागी नुसता खड्डा.

माप बसतंय का ते बघायला काही यंत्र नको. ड्रायव्हर स्क्रूत घाला, हलकं दाबा आणि मूठ डावी-उजवीकडे हलवून बघा. टोक आतल्या आत लुटलुट करत असेल तर माप लहान आहे, टोक खाचेच्या तळापर्यंत पोचतच नसेल तर मोठं आहे. बरोबर माप असलं की ड्रायव्हर आणि स्क्रू एकच वस्तू असल्यासारखं हाताला लागतं, एकदा ते लागलं की मग कधी विसरत नाही माणूस.

अजून एक प्रकार आहे जो फिलिप्ससारखाच दिसतो, पोझिड्राइव्ह. त्या स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या चार हातांच्या मध्ये चार बारीक रेषा असतात, तिरक्या. जोडून घ्यायच्या फर्निचरमध्ये आणि कपाटांच्या लपत्या बिजागऱ्यांवर हा खूप असतो. त्यात फिलिप्सचं टोक जातं, फिरतंही, पण पूर्ण बसत नाही, आणि मग लोक म्हणतात स्क्रूच खराब होता. रेषा दिसल्या की पीझेड २ चं बिट लावा, फरक लगेच कळेल.

आणि वापरताना एक लक्षात ठेवा, फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे नुसतं पिळलं की टोक वर चढून बाहेर यायला बघतं. म्हणून आधी दाब, मग पीळ. घट्ट बसलेल्या स्क्रूवर तर शरीराचं वजन मागून द्यायचं आणि मनगट हळू फिरवायचं.

गंजलेला किंवा रंगाखाली दबलेला स्क्रू कसा काढायचा ते सांगतो कारण नवीन घरात, म्हणजे तुमच्यासाठी नवीन पण आधी कोणी राहिलेलं असेल तर, हे येणारच. आधी सुईने किंवा कटरच्या टोकाने खाचेतला रंग पूर्ण कोरून काढा, अगदी तळ दिसेपर्यंत, हा भाग लोक सोडतात आणि मग ड्रायव्हर अर्धाच बसतो. मग गंज सुटण्याच्या तेलाचे दोन थेंब आणि पंधरा-वीस मिनिटं त्याच्याकडे बघायचंच नाही. मग ड्रायव्हर सरळ बसवून मुठीच्या मागे हातोडीने दोन-तीन बेताचे टोले, याने आट्यांमधला गंज तडकतो. यासाठी ज्या ड्रायव्हरची सळई मुठीतून आरपार मागेपर्यंत आलेली असते तो हवा, साध्या प्लास्टिक मुठीवर ठोकलं तर मूठ फुटते. आणि मग, हे विचित्र वाटेल, पण आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित फिरवायचा, केसभर. तो जरासा हलला की मग उलटा. सुटतो बहुतेक वेळा. घाईने सरळ उलटा पिळायला गेलात की खाच जाते आणि मग ड्रिलने डोकं उडवायची पाळी येते.

चपट्यातही तोच नियम, पात्याची रुंदी खाचेएवढी हवी आणि जाडीही. एक ६ एमएमचा आणि एक ३ एमएमचा असला की भागतं. आणि कृपा करून त्याने डबे उघडू नका, फरशी उचकटू नका, पात्याचे कोपरे एकदा गोल झाले की तो स्क्रूच्या कामाचा राहत नाही. म्हणजे ड्रायव्हर किती? पीएच २ लांब, पीएच १, हे दोन चपटे, आणि बिटं बदलता येतील अशी एक मूठ जिच्यात पीझेड २, पीएच ० आणि काही टॉर्क्स असतील. झालं. टोकाला चुंबक असलेलं घ्या, उंचावर काम करताना स्क्रू पडत नाही.

आता टेस्टर. घरोघरी असतो, आणि मला त्याच्याबद्दल जरा कळकळीने सांगायचंय. त्याच्या आत एक छोटा निऑन दिवा आणि एक खूप मोठा रेझिस्टर असतो, तुम्ही मागच्या टोपीला बोट लावता तेव्हा अगदी किंचित करंट तुमच्या अंगातून जमिनीकडे जातो आणि त्यावर दिवा लागतो. म्हणजे तुम्ही स्वतः त्या सर्किटचा भाग असता. त्यामुळे कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल, पायात जाड रबरी चप्पल असेल तर दिवा मंद लागतो, ऊन येत असेल तर लागलेला दिसत नाही, आणि दिवा जळून गेलेला असेल तर वायरमध्ये पूर्ण करंट असतानाही टेस्टर गप्प. मी काम शिकत असताना असंच झालं, दुपारची वेळ, खिडकीतून ऊन, टेस्टर लावला, काही दिसलं नाही म्हणून वायर पकडली. पडलो नाही हे नशीब, पण हात दिवसभर बधिर होता. तेव्हापासून माझी सवय अशी की टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघायचा, मग जिथे काम करायचंय तिथे, आणि मग परत त्या चालू सॉकेटवर. तिन्ही वेळा जे अपेक्षित ते दिसलं तरच हात लावायचा. आणि त्याआधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरची त्या लाईनची वीज तोडणारी कळ, खाली केलेली असलीच पाहिजे, टेस्टर हा एमसीबीला पर्याय नाही. आणि तो ड्रायव्हरसारखा दिसतो म्हणून त्याने मोठे स्क्रू फिरवू नका, आतली काडी तडकली की तो आतून मेलेला असतो आणि बाहेरून ठणठणीत दिसतो.

माझं मत असं की टेस्टरच्या बरोबर एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्याच. फार महागातला नको, पण त्याच्यावर कॅट ३ असं लिहिलेलं असावं, म्हणजे घरातल्या वायरिंगमध्ये अचानक येणारे व्होल्टेजचे झटके सोसायला तो बनवलेला असतो. तुम्हाला त्यातल्या दोनच गोष्टी लागणार, एसी व्होल्टेज आणि ती बीप वाजणारी कंटिन्युइटी. इस्त्री गरम होत नाही, वायर तुटली की आतलं काही गेलं? प्लग काढून, लक्षात घ्या, प्लग काढून, वायरच्या दोन टोकांना मीटर लावा, बीप आली तर वायर शाबूत. एवढ्यावर अर्ध्या बिघाडांचा छडा लागतो. आणि लाल वायर मीटरच्या अँपिअरच्या भोकात ठेवून कधीही व्होल्टेज मोजू नका, तो सरळ शॉर्ट होतो, फ्यूज उडतो आणि हलक्या मीटरमध्ये त्याहून वाईट काही होऊ शकतं.

पक्कड एक आठ इंची घ्या आणि एक सहा इंची नोज प्लायर, म्हणजे लांब निमुळत्या टोकाची पक्कड. पक्कड बघताना बंद करून उजेडाकडे धरा, जबड्याची टोकं नीट मिळाली पाहिजेत, मग सांध्यापाशी आडवी हलवून बघा, तिथे खेळ नको. कापायच्या धारेवर एक पातळ कागद कापून बघा, कागद नुसता दुमडला तर धार मिळत नाहीये, वायरही ती अशीच चावणार. रंगीत रबरी मूठ म्हणजे करंटपासून संरक्षण असं समजू नका, ती पकड चांगली यावी म्हणून असते. खरी इन्सुलेटेड असेल तर तिच्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं कोरलेलं असतं. आणि पक्कडीने नट फिरवायचा नाही. नाही म्हणजे नाही. तिचे दात नटाचे कोपरे खातात आणि दोनदा असं झालं की मग खरा पाना आणलात तरी तो पकडत नाही.

नटाला पाना. घरासाठी वेगवेगळ्या मापांचे बारा पाने घ्यायची गरज नाही, एक चांगला दहा इंची अ‍ॅडजस्टेबल पाना पुरतो, जबडा साधारण ३० एमएमपर्यंत उघडतो, नळ, शॉवर, गीझरचे होज (लवचिक नळ्या), यांचे नट त्यात येतात. दुकानात बघताना सरकता जबडा हाताने हलवा, तो लुटलुटत असेल तर ठेवून द्या, कारण असा पाना जोर लावला की स्वतःच उघडतो. वापरताना जबडा नटावर पूर्ण आत सरकवा, चाक फिरवून गच्च करा, आणि पाना अशा बाजूने फिरवा की जोर पक्क्या जबड्यावर येईल, म्हणजे फिरवायची दिशा सरकत्या जबड्याकडे. उलटं लावलं तर सरकता जबडा पसरतो, पाना निसटतो आणि बोटांची सालटी जातात.

नळाच्या कामात मी सगळ्यात जास्त तुटलेलं काय पाहिलं असेल तर भिंतीतून बाहेर आलेला अँगल कॉक, म्हणजे ज्याला होज जोडतात तो छोटा कॉक. होजचा नट घट्ट असतो, माणूस पाना लावून जोर देतो, नट फिरण्याऐवजी पूर्ण कॉकच भिंतीतल्या पाईपसकट फिरतो आणि आत कुठेतरी आटे सुटतात किंवा तडा जातो, आणि पाणी भिंतीच्या आत. म्हणून तिथे दोन हत्यारं लागतात, एकाने कॉक धरून ठेवायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. दुसरं हत्यार म्हणून वॉटर पंप प्लायर (जबडा कमी-जास्त उघडता येणारी मोठी पक्कड) घ्या, तो बेसिनखालच्या प्लास्टिकच्या मोठ्या नटांनाही चालतो. चकचकीत नळावर लावताना मध्ये जाड कापड किंवा चामड्याचा तुकडा ठेवा. पाईप पाना मात्र घरात नकोच, त्याचे दात कडक असतात, लोखंडी पाईपसाठी बनलेत, नळावर लावला की पॉलिश सोलून काढतो. प्लास्टिकचे नट हाताने जेवढे घट्ट होतात तेवढे करायचे, वर फार तर पाव फेरा, कारण गळती आतलं रबरी वायसर दाबून थांबते, नट आवळून आवळून नाही. जास्त आवळलं की नट चिरतो.

अ‍ॅलन कीचा, म्हणजे सहा कोनी खाचेच्या बोल्टसाठीच्या वाकवलेल्या सळयांचा, एक संच घ्या, एमएम मापाचा, साधारण दीड ते दहा. इथे मापाचं खूळ अजून बारीक आहे. इंचाच्या मापाची ५/३२ ची की जवळजवळ ४ एमएमची भरते, ती खाचेत जाते, लोक ती लावतात, थोडी सैल असते, आणि घट्ट बोल्टवर सहा कोपऱ्यांचं भोक गोल होतं. एका घरात पलंगाचा एक बोल्ट असा गोल झालेला, तो काढायला मला पलंगाची बाजू कापावी लागली. दोन्ही मापांचे संच एकत्र एका डब्यात ठेवू नका, एवढं केलं तरी पुरे.

मेजर टेप पाच मीटरचा. त्याच्या टोकाचा पत्रा जरासा सैल असतो, पुढे-मागे हलतो, आणि बरेच जण तो बिघडलाय समजून ठोकून घट्ट करतात. तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. पत्रा स्वतः जेवढा जाड तेवढाच तो सरकतो, त्यामुळे कडेला अडकवून ओढून मापलं किंवा भिंतीला टेकवून दाबून मापलं, दोन्ही वेळा माप बरोबर येतं.

पाणसळ एक फुटाची पुरते. ती खरी आहे का ते घ्यायच्या आधीच बघा, एका सपाट जागी ठेवा, बुडबुडा कुठे थांबतो ते नीट बघून घ्या, मग तिथेच टोकं उलटी करून ठेवा. बुडबुडा परत त्याच बाजूला, तेवढाच थांबला तर पाणसळ खरी, मग ती जागा तिरकी असली तरी हरकत नाही. पहिल्यांदा दाराकडे आणि दुसऱ्यांदा खिडकीकडे गेला तर परत ठेवून द्या. मोबाईलमधलं लेव्हल फोटो फ्रेमला चालेल, फडताळाला मी नाही वापरत.

हातोडी मागे खिळे उपटायचा चिमटा असलेली, डोकं साधारण ३०० ते ४५० ग्रॅम, दांडा डोक्यात घट्ट बसलेला. दांडा शेवटाकडे धरायचा, डोक्याजवळ नाही, वजनाला काम करू द्यायचं. हॅक्सॉ हवी असेल तर छोटी चालेल, पातं लावताना दात पुढच्या दिशेला, म्हणजे मुठीपासून लांब, कारण ती ढकलताना कापते. कटर तोडायच्या पात्याचा घ्या. ही पात्याची युक्ती जपानमध्ये १९५६ साली निघाली, ओकादा नावाच्या कारागिराने चॉकलेटच्या वडीचे तुकडे तुटतात तसं पातं तोडायची कल्पना काढली, आणि अजून तिला तोड नाही. बोथट झालं की एक तुकडा पक्कडीत धरून मोडा, बोथट पात्याला जोर जास्त लागतो आणि तोच जोर हात कापतो.

ड्रिल मशीन. सगळ्यांना पहिल्या दिवशी हेच हवं असतं. माझं म्हणणं, पहिले दोन महिने घेऊ नका, कोणाचं तरी आणून काम भागवा आणि तोवर बघा की किती भोकं लागतात आणि भिंत कशाची आहे. कारण मशीनचं ठरतं भिंतीवरून. विटांची भिंत असेल तर साधं इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारं, १० किंवा १३ एमएम चकचं (बिट धरणाऱ्या तोंडाचं), आरामात चालतं. काँक्रीटची भिंत किंवा बीम असेल तर त्याच मशीनने एका भोकाला अर्धा तास आणि बिट लालभडक, तिथे रोटरी हॅमर लागतो, ज्याच्यात एसडीएस पद्धतीचं बिट खटकन बसतं. आणि नुसतं फर्निचर जोडायचं, स्क्रू फिरवायचे असतील तर छोटं १२ व्होल्टचं बॅटरीचं मशीन सगळ्यात जास्त सोयीचं, त्याच्या मानेवर आकड्यांचं कडं असतं, तो क्लच, छोट्या आकड्यावर ठेवला की स्क्रू घट्ट झाल्यावर मशीन कटकट वाजून थांबतं, लाकडात स्क्रू बुडत नाही आणि डोकंही जात नाही.

भिंत कशाची ते भुकटी सांगते. सुरुवातीला प्लास्टरची करडी-पांढरी येते, मग आत लाल आली तर मातीची वीट, करडीच येत राहिली आणि मशीन पुढे जाईना तर बहुतेक काँक्रीट. बिट अचानक अडलं, आवाज बदलून धातूचा आला आणि चमकती कणी दिसली तर आत सळई आहे, जोर करू नका, भोक बाजूला सरकवा. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन्ही बाजूंना आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, वायरचे पाईप बहुधा तिथूनच जातात. नळाच्या वर-खालीही तेच. ड्रिल करताना डोळ्यावर गॉगल हवाच, हातमोजे मात्र नकोत, फिरत्या बिटात ते गुंडाळले जातात.

एक भोक नीट कसं पाडायचं ते सांगतो. रावलप्लग (भोकात बसवायची, स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) ६ एमएमचा तर बिटही ६ एमएमचंच, अर्धा एमएम मोठं चालेल असं नाही. प्लग भिंतीत पूर्ण जाऊन वर वस्तूची जाडी धरून स्क्रू प्लगच्या टोकाच्या जरा पुढे गेला पाहिजे, म्हणजे प्लगची लांबी अधिक वस्तूची जाडी अधिक चार-पाच एमएम, एवढा लांब स्क्रू. बिटावर प्लगच्या लांबीपेक्षा थोडं पुढे इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, तिथे पोचलं की थांबायचं. टाईल असेल तर खुणेवर कागदी टेप चिकटवा म्हणजे बिट घसरत नाही, मशीनचा हॅमर (ठोके द्यायची सोय) बंद ठेवून हळू सुरू करा, टाईल पार झाली की मगच हॅमर चालू. भोकाखाली कागद दुमडून चिकटवला की भुकटी त्यात पडते. भोक झालं की आतली भुकटी झटकून काढा, ही पायरी बहुतेक जण गाळतात, भुकटी राहिली की प्लग पूर्ण आत जात नाही, अर्धा बाहेर राहतो, मग तो कापतात, मग स्क्रू सैल आणि सहा महिन्यांनी फडताळ खाली. प्लग हातोडीने हलक्या टोल्यांनी भिंतीच्या पातळीत बसवायचा. तो बोटाने आत गेला तर भोक मोठं झालंय, तिथे एक माप वरचा प्लग वापरा, काडी-कागद कोंबू नका.

लाकडात मात्र काडी चालते. कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू फिरत राहतो, धरत नाही, तर भोकात लाकडाच्या दोन-तीन बारीक काड्या पांढऱ्या गोंदात बुडवून घाला, वाळू द्या, रात्रभर, वर आलेलं कापा आणि तोच स्क्रू परत लावा. वर्षानुवर्षं टिकतं.

बाकी डब्यात ठेवायच्या बारीक वस्तू. टेफ्लॉन टेप, तो आट्यांचं तोंड तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा, म्हणजे नळ फिरवताना तो उलगडत नाही, आणि जिथे होजच्या नटात आधीच रबरी वायसर आहे तिथे टेफ्लॉन लावायचाच नाही, तिथे पाणी आटे नाही तर वायसर थांबवतं. अर्ध्या इंची नळाची चार-पाच वायसर. इन्सुलेशन टेप. थोडे स्क्रू आणि प्लग. डब्ल्यूडी-४० ठेवा पण ते काय आहे ते समजून, त्या नावाचा अर्थच पाणी हटवायच्या मिश्रणाचा चाळिसावा प्रयत्न असा आहे, ते गंज सोडवायला आणि ओल काढायला छान, पण कुरकुरणाऱ्या बिजागरीला त्यानंतर खरं तेल द्यावं लागतं, नाहीतर काही दिवसांत परत कुरकुर. डोक्याला लावायची टॉर्च घ्या, बेसिनखाली दोन्ही हात मोकळे राहतात.

गॅसच्या लाईनला आणि मीटरकडून येणाऱ्या मेन वायरला स्वतः हात लावू नका, तिथे चांगलं हत्यार असून उपयोग नाही.

आणि हे सगळं घ्यायच्या आधी, आजच, दोन गोष्टी करा ज्यांना एकही हत्यार लागत नाही. घरात येणाऱ्या पाण्याचा मेन कॉक कुठे आहे तो शोधा आणि पूर्ण बंद करून परत उघडून बघा. वर्षानुवर्षं कोणी न फिरवलेला कॉक नेमका त्या दिवशी अडकतो ज्या दिवशी होज फुटलेलं असतं. अडकत असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. आणि बोर्डावरची कुठली एमसीबी कुठल्या खोलीची ते एक एक खाली करून बघा आणि बाजूला पट्टीवर लिहून चिकटवा.

मग एक वही घेऊन घरभर फिरा, कुठे कसल्या खाचेचे स्क्रू आहेत, बेसिनखालचे नट प्लास्टिकचे की पितळेचे, फर्निचरला अ‍ॅलन बोल्ट कुठल्या मापाचे, ते लिहा. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर, टेस्टर, पक्कड, पाना आणि मेजर टेप एवढंच घ्या, बाकीचं त्या वहीतलं काम निघेल तसं. आणि जिथे फडताळ लावायचंय त्या भिंतीत एक छोटं भोक पाडून आतली भुकटी लाल येते की करडी ते कळवा, म्हणजे मशीन आणि प्लगचं नक्की माप सांगता येईल.